पेनड्राइव्ह लावायचा हक्क कुणाला? लिनक्सवर ड्राइव्ह माउंट करण्याच्या परवानग्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेतले बारा संगणक मी सांभाळतो. सगळ्यांवर डेबियन हे लिनक्स आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे नोट्स उतरवून घ्यायला, अर्ज भरायला, प्रवेशपत्रं छापायला येतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात पेनड्राइव्ह असतो. शनिवारी ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला जातो. तिथल्या एका करसल्लागारांच्या कार्यालयातली पाच मशीन माझ्याकडे आहेत. दोन्हीकडची गरज अगदी उलटी आहे: अभ्यासिकेत अनोळखी माणसाचा पेनड्राइव्ह चालायला हवा, वाशीत तो चालताच कामा नये. दोन्हीकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

कमांड आणि पर्याय आम्ही तोंडी बोलतो तसेच देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायचे. अपवाद: एफएसटॅबमधलं ‘यूयूआयडी’ मोठ्या अक्षरांत, ‘एमकेएफएस’च्या ‘-ई’मधला ई मोठा, ‘ॲडरूल’मधला आर मोठा. स्पेलिंगची शंका आली तर ‘मॅन माउंट’ आणि ‘मॅन युडिस्क्ससीटीएल’ ही पानं मशीनवरच असतात.

माउंट करणं म्हणजे नेमकं काय? त्याला परवानगी कशाला हवी?

विंडोजमध्ये पेनड्राइव्ह लावला की त्याला ई किंवा एफ असं अक्षर मिळतं. लिनक्समध्ये फोल्डरांचं एकच झाड असतं आणि त्याच्या मुळाशी एक तिरकी रेघ. पेनड्राइव्ह खोचला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला /डेव्ह/एसडीबी१ असं काहीतरी नाव देतो आणि थांबतो. आतल्या फाइली दिसायच्या तर तो ड्राइव्ह झाडातल्या एखाद्या फोल्डरवर बसवावा लागतो. हे बसवणं म्हणजे माउंट.

आता समजा, कुणालाही काहीही कुठेही बसवता आलं. एखाद्याने आपला पेनड्राइव्ह /ईटीसी या, मशीनच्या सेटिंग्ज असलेल्या फोल्डरवर बसवला, तर खरं /ईटीसी त्याखाली झाकलं जाईल आणि मशीन त्याने घरून लिहून आणलेली पासवर्डची फाइल खरी समजून वाचू लागेल. किंवा दुसरी युक्ती: स्वतःच्या लॅपटॉपवर तो रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता (सुपरयुजर), असतोच. तिथे ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) पेनड्राइव्हवर एक छोटा प्रोग्राम ठेवायचा, त्याला रूटची मालकी द्यायची, सेटयुआयडी बिट लावायचा. असा प्रोग्राम कुणीही चालवला तरी तो मालकाच्या, म्हणजे रूटच्या अधिकाराने चालतो. तो पेनड्राइव्ह अभ्यासिकेतल्या मशीनवर बंधनाशिवाय माउंट झाला, तर मशीन त्याचं. शिवाय बहुतेक फाइलसिस्टम वाचणारा कोड कर्नलच्या आतच चालतो, त्यामुळे मुद्दाम बिघडवलेली फाइलसिस्टम वाचायला लावणं हाही एक हल्लाच आहे.

म्हणून मूळ नियम असा की माउंट रूटनेच करायचं. बाकी सगळं म्हणजे या नियमाला विचारपूर्वक ठेवलेल्या खिडक्या आहेत.

डेस्कटॉपवर पेनड्राइव्ह आपोआप उघडतो, पण टर्मिनलमध्ये माउंट लिहिलं की सुपरयुजर व्हा म्हणतं. असं कसं?

कारण ही दोन वेगळी दारं आहेत. हा फरक एकदा लक्षात आला की पुढचे अर्धे प्रश्न पडतच नाहीत.

पहिलं दार म्हणजे ‘माउंट’ ही कमांड. ती फक्त /ईटीसी/एफएसटॅब ही फाइल बघते. कोणती डिस्क कुठे, कशी बसवायची याची ती यादी. तिथे तुमच्यासाठी सवलत लिहिलेली असेल तर माउंट करते, नसेल तर नकार देते. डेस्कटॉपवर कोण बसलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही.

दुसरं दार म्हणजे ‘युडिस्क्स’ ही मागे चालणारी सेवा. फाइल मॅनेजरमध्ये पेनड्राइव्हवर क्लिक केलं की तुमचा डेस्कटॉप, म्हणजे ग्नोम किंवा केडीई, युडिस्क्सला विनंती करतो. युडिस्क्स ‘पोलकिट’ या परवानग्या ठरवणाऱ्या सेवेला विचारतो, या माणसाला हे करू द्यायचं का? पोलकिट हो म्हणाला की युडिस्क्स स्वतःच्या रूट अधिकाराने माउंट करतो. जागाही तोच ठरवतो: डेबियन आणि उबुंटूवर /मीडिया/तुमचं-नाव/ याच्या आत, फेडोरावर /रन/मीडिया/तुमचं-नाव/ याच्या आत. /ईटीसीवर बसव असं त्याला सांगायची सोयच नाही. शिवाय नोसुइड आणि नोडेव्ह हे दोन पर्याय (अर्थ पुढे आहे) तो न विचारता लावतो.

टर्मिनलमधूनही हे दुसरं दार वापरता येतं: ‘युडिस्क्ससीटीएल माउंट -बी /डेव्ह/एसडीबी१’. सुडोची, म्हणजे रूटच्या अधिकाराने कमांड चालवण्याची, गरज नाही. नुसत्या पेनड्राइव्हसाठी सुडो वापरायची सवय लागली असेल तर ती सोडा. सुडोने केलेला माउंट रूटच्या नावावर जातो आणि मग ‘फाइल लिहिता येत नाही’ म्हणून तुम्हीच पुन्हा माझ्याकडे येता.

तीच कमांड एसएसएचने (नेटवर्कवरून, दुसऱ्या मशीनवरून) आत येऊन दिली तर ॲडमिनचा पासवर्ड मागते. का?

पोलकिटच्या लेखी माणसाची तीन रूपं आहेत. मशीनसमोर बसून लॉगिन झालेला आणि आत्ता पडद्यावर असलेला तो ‘ॲक्टिव्ह’. समोरच लॉगिन आहे पण पडदा आत्ता दुसऱ्याकडे आहे तो ‘इनॲक्टिव्ह’. बाकी सगळे, म्हणजे एसएसएचवाले धरून, ‘एनी’. काढता-घालता येणारा ड्राइव्ह माउंट करायला ॲक्टिव्ह माणसाला थेट होकार आहे, इतरांना ॲडमिनचा पासवर्ड लागतो.

मला हा विचार फार पटतो. ज्याने हाताने पेनड्राइव्ह खोचला तो खुर्चीत बसलेला आहे. पनवेलहून एसएसएचने आलेल्याला तो उघडायचं काय कारण? आपण कोणत्या रूपात आहोत हे पाहायला ‘लॉगिनसीटीएल’ने सत्रांची यादी काढा आणि ‘लॉगिनसीटीएल शो-सेशन’ला आपल्या सत्राचा क्रमांक द्या.

एफएसटॅबमध्ये युजर, युजर्स, ओनर, ग्रुप यांतलं काय लिहायचं?

नेहमी त्याच मशीनला लागणारा, ओळखीचा ड्राइव्ह असेल तर एफएसटॅब हाच सरळ मार्ग. काहीच लिहिलं नाही तर ‘नोयुजर’ धरलं जातं, म्हणजे फक्त रूट.

‘युजर’ लिहिलं की कुणीही साधा वापरकर्ता माउंट करू शकतो, पण ज्याने माउंट केलं तोच अनमाउंट करू शकतो. कुणी केलं याची नोंद /रन/माउंट या फोल्डरात राहते. ‘युजर्स’ लिहिलं की कुणीही माउंट करावं, कुणीही काढावं.

एका अक्षराचा हा फरक मी वाशीत शिकलो. बॅकअपच्या हार्डडिस्कला मी ‘युजर’ लिहिलं होतं. सकाळी आलेल्या ताईंनी ती माउंट केली, बॅकअप झाला, दुपारी त्या घरी गेल्या. संध्याकाळच्या दादांना डिस्क कपाटात ठेवून कुलूप लावायचं होतं. अनमाउंट होईना. त्यांनी दहा मिनिटं वाट पाहिली आणि शेवटी केबल ओढली. त्या आठवड्याच्या बॅकअपमधल्या दोन फाइली अर्धवट निघाल्या. चूक त्यांची नव्हती, मी लिहिलेल्या ओळीची होती. त्या शनिवारी ओळ बदलली:

यूयूआयडी=डिस्कचा-क्रमांक /एमएनटी/बॅकअप ईएक्सटी४ युजर्स,नोऑटो,नोफेल ० ०

यूयूआयडी म्हणजे डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक. ‘नोऑटो’ म्हणजे मशीन सुरू होताना आपोआप माउंट करू नकोस. ‘नोफेल’ म्हणजे डिस्क नसेल तर अडून बसू नकोस. ओळ लिहून झाली की ‘सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड’, आणि मग साध्या वापरकर्त्याने फक्त ‘माउंट /एमएनटी/बॅकअप’ म्हणायचं. डिव्हाइसचं नाव किंवा पर्याय तो स्वतःचे देऊ शकत नाही, फाइलमध्ये आहे तेच चालतं. सुरक्षितता याच्यातच आहे.

‘ओनर’ म्हणजे डिव्हाइसची फाइल ज्याच्या मालकीची, त्यालाच माउंट. ‘ग्रुप’ म्हणजे ती फाइल ज्या गटाची, त्या गटातल्यांना. कागदावर ‘ग्रुप’ फार आकर्षक दिसतो, पण /डेव्ह/एसडीबी१ मुळात रूटच्या मालकीची आणि ‘डिस्क’ या गटाची असते. तो गट बदलायला युडेव्हचा (डिव्हाइस फाइली सांभाळणाऱ्या सेवेचा) नियम लिहावा लागतो, आणि त्या गटाला डिव्हाइसवर थेट लिहायचा हक्क मिळाला तर फाइलींवरच्या साऱ्या परवानग्या बाजूला सारून तो डिस्कवरचं काहीही बदलू शकतो. ठरावीक लोकांनाच द्यायचं असेल तर पोलकिटचा नियम जास्त स्वच्छ. खाली आहे.

आणि हे नोसुइड, नोडेव्ह, नोएक्झेक?

नोसुइड: ड्राइव्हवरच्या सेटयुआयडी बिटाकडे दुर्लक्ष कर. वर सांगितलेली रूट होण्याची युक्ती इथे संपते. नोडेव्ह: ड्राइव्हवर कुणी डिव्हाइस फाइली बनवून आणल्या असतील तर त्या मानू नकोस. नोएक्झेक: ड्राइव्हवरचा प्रोग्राम थेट चालवू नकोस.

‘युजर’ किंवा ‘युजर्स’ लिहिलं की हे तिन्ही आपोआप लागतात. ‘ओनर’ आणि ‘ग्रुप’ने पहिले दोनच. क्रमाकडे मात्र लक्ष द्या. ‘युजर,एक्झेक’ लिहिलं तर प्रोग्राम चालतील. ‘एक्झेक,युजर’ लिहिलं तर नंतर आलेला ‘युजर’ पुन्हा नोएक्झेक लावतो आणि तुम्ही तासभर डोकं खाजवत बसता.

नोएक्झेकवर फार विसंबू नका. ड्राइव्हवरची स्क्रिप्ट ‘बॅश’ला किंवा ‘पायथन’ला नाव देऊन चालवली तर ती चालते, कारण चालतोय तो मशीनवरचा बॅश. ती स्क्रिप्ट त्याच्यासाठी नुसतं वाचायचं साहित्य. नोसुइड मात्र कधीही काढू नका. ते काढायचं योग्य कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही.

माउंट झालं, फाइली दिसतात, पण लिहिता येत नाही.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. माउंट करायची परवानगी आणि आतल्या फाइलींची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचं सगळं ड्राइव्ह कोणत्या फाइलसिस्टमचा आहे यावर अवलंबून. ‘एलएसबीएलके -एफ’ दिलं की ते कळतं.

फॅट किंवा एक्सफॅट असेल, आणि दुकानातून आणलेला पेनड्राइव्ह बहुधा असाच असतो, तर त्याच्यावर लिनक्सची मालकी साठवायला जागाच नाही. म्हणून माउंट करतानाच सांगावं लागतं की सगळ्या फाइली कुणाच्या मानायच्या. युडिस्क्स हे आपोआप तुमच्या नावे करतो. एफएसटॅबमधून करत असाल तर ‘यूआयडी=’ आणि ‘जीआयडी=’ हे पर्याय द्या. परवानग्यांसाठी ‘डीमास्क’ फोल्डरांना आणि ‘एफमास्क’ फाइलींना. मास्कमध्ये काढून घ्यायचे आकडे लिहितात: डीमास्क ००२७ दिलं की फोल्डर ७५० होतात, एफमास्क ०१३७ दिलं की फाइली ६४० होतात. माउंट झाल्यावर ‘सीएचमॉड’ (परवानग्या बदलायची कमांड) मारत बसणं व्यर्थ आहे, आणि इथेच बहुतेकांची संध्याकाळ जाते.

ईएक्सटी४ असेल तर गोष्ट नेमकी उलट. तिथे मालकी डिस्कवरच लिहिलेली असते, पण नावाने नाही, आकड्याने. डेबियन-उबुंटूवर पहिल्या वापरकर्त्याचा आकडा १०००, पुढच्याचा १००१. घरच्या लॅपटॉपवर तुम्ही १००० असाल आणि अभ्यासिकेत १००७, तर तुमचीच फाइल तुम्हाला परकी वाटेल, आणि जो कुणी तिथे १००० आहे त्याला ती स्वतःची वाटेल. ‘यूआयडी=’ हा पर्याय ईएक्सटी४ला चालत नाही, माउंटच अडतं. अशा वेळी रूटने एकदाच ‘सीएचओन’ने मालकी बदलून द्यायची. नवा ड्राइव्ह फॉरमॅट करत असाल तर ‘एमकेएफएस’ला ‘-ई रूट_ओनर’ हा पर्याय देऊन सुरुवातीलाच मालकी देता येते.

वाशीतल्या बॅकअप डिस्कवर सहा जण लिहितात. तिथे एक गट केला, डिस्कच्या मुळाशी असलेला फोल्डर त्या गटाच्या नावे केला आणि ‘सीएचमॉड २७७०’ दिलं. पुढच्या त्या २मुळे आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल त्याच गटाची होते. पण नव्या फाइलीवर गटाला लिहिता येईल का, हे प्रत्येकाच्या युमास्कवर (नव्या फाइलीतून कोणत्या परवानग्या काढायच्या ते सांगणारा आकडा) ठरतं. म्हणून ‘सेटएफएसीएल’ने डिफॉल्ट एसीएलही (परवानग्यांची जादा यादी) लावलं.

एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टम) असेल आणि फक्त वाचता येत असेल, किंवा माउंटच होत नसेल, तर संशय विंडोजवर घ्या. त्याचा ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर बंद केल्यावरही तो ड्राइव्ह पूर्ण सोडत नाही. विंडोजमध्ये जाऊन ते बंद करा आणि नीट शटडाउन करा. जबरदस्तीने माउंट करायचा पर्याय आहे, पण डेटाची किंमत असेल तर वापरू नका.

लॅपटॉपमधला विंडोजचा डी ड्राइव्ह उघडताना दरवेळी ॲडमिनचा पासवर्ड मागतो. पेनड्राइव्हला तर मागत नाही.

युडिस्क्स आतल्या डिस्कना ‘सिस्टिम’ची डिस्क मानतो. त्यांच्यासाठी पोलकिटमध्ये वेगळी कृती आहे, नावाच्या शेवटी ‘माउंट-सिस्टिम’ असतं, आणि तिला ॲडमिनचा पासवर्ड लागतो. स्वतःचा एकट्याचा लॅपटॉप असेल तर एफएसटॅबमध्ये यूयूआयडीसह एक ओळ लिहा आणि विषय संपवा. चारचौघांचं मशीन असेल तर पासवर्ड मागतंय तेच बरं.

ठरावीक लोकांनाच पेनड्राइव्ह लावता यावा, बाकीच्यांना नाही. कसं करायचं?

पोलकिटचा नियम. /ईटीसी/पोलकिट-१/रूल्स.डी या फोल्डरात ‘.रूल्स’ने संपणारी एक फाइल करायची. भाषा जावास्क्रिप्ट आहे, पण घाबरू नका, पाच-सहा ओळींचं काम आहे. ‘पोलकिट.ॲडरूल’ला एक फंक्शन द्यायचं. ते दोन गोष्टी तपासतं: मागितलेली कृती कोणती आणि मागणारा कोणत्या गटात आहे. कृती युडिस्क्सची माउंटची असेल आणि मागणारा आपल्या गटात असेल तर ‘यस’ परत करायचं, नसेल तर ‘नो’. होकार-नकाराच्या मधल्या छटाही आहेत: ‘ऑथ_सेल्फ’ म्हणजे स्वतःचा पासवर्ड, ‘ऑथ_ॲडमिन’ म्हणजे ॲडमिनचा, आणि मागे ‘_कीप’ लावलं की दिलेला पासवर्ड थोडा वेळ लक्षात राहतो.

कृतींची नेमकी नावं ‘पीकेॲक्शन’ या कमांडने मिळतात. यादीत ‘युडिस्क्स२’ शोधा. एकटं ‘फाइलसिस्टम-माउंट’ अडवून थांबू नका. त्याच्या ‘-सिस्टिम’ आणि ‘-अदर-सीट’ या बहिणी आहेत. कुलूपबंद ड्राइव्हसाठी ‘एन्क्रिप्टेड-अनलॉक’ आहे. आणि ‘लूप-सेटअप’ आहे, ज्याने एखादी इमेज फाइल डिस्क म्हणून जोडता येते. शेवटची हमखास विसरली जाते.

फायली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि पहिलं ठोस उत्तर मिळालं की पोलकिट थांबतो. म्हणून आपल्या फाइलचं नाव ‘१०-’ने सुरू करा. पोलकिट बदल स्वतःच टिपतो, मशीन रीस्टार्ट करायची गरज नाही.

जुन्या मशीनवर हा नियम लागत नाही अशी तक्रार येते. डेबियन ११ आणि उबुंटू २२.०४ पर्यंत पोलकिटची जुनी ०.१०५ ही आवृत्ती होती. तिला जावास्क्रिप्ट कळत नाही, ‘.पीकेएलए’ने संपणाऱ्या वेगळ्या फाइली लागतात. डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४ वर वर सांगितलेलंच चालतं.

आणखी एक सांगायलाच हवं. हा नियम फक्त दुसरं दार बंद करतो. एफएसटॅबमध्ये ‘युजर्स’ लिहिलेली ओळ असेल तर ती तशीच चालू राहते. मोबाइल फोन एमटीपीने (फोनमधल्या फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीने) जोडला तर तो युडिस्क्सकडे जातच नाही, त्यामुळे हा नियम त्याला दिसतही नाही. अभ्यासिकेतल्या एका मुलाने हे मला दाखवून दिलं आणि मी त्याचा आभारी आहे.

मग यूएसबी साठवण पूर्णच बंद करायची असेल तर?

वाशीत हेच केलं आहे. /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये एक फाइल करून ‘इन्स्टॉल यूएसबी-स्टोरेज /बिन/फॉल्स’ अशी ओळ टाकली, आणि तशीच दुसरी ओळ ‘यूएएस’ या मॉड्यूलसाठी (कर्नलला गरजेनुसार जोडला जाणारा भाग), कारण नव्या वेगवान डिस्क त्याच्यामार्फत येतात. नुसतं ‘ब्लॅकलिस्ट’ लिहिणं पुरत नाही, ते फक्त आपोआप लोड होणं थांबवतं. कीबोर्ड, माउस, प्रिंटर वेगळ्या मॉड्यूलवर चालतात, त्यांना धक्का लागत नाही. बॅकअपची डिस्क ज्या एका मशीनला लागते तिथे हे केलेलं नाही. ते मशीन साहेबांच्या केबिनमध्ये आहे.

काही ठरावीक उपकरणंच चालू ठेवायची असतील तर ‘यूएसबीगार्ड’ आहे. तो उपकरणाची ओळख पाहून आत घेतो, फोनही त्याच्या तावडीत येतो. पण बसवण्याआधी आपला कीबोर्ड परवानगीच्या यादीत आहे ना, हे दोनदा तपासा.

आणि बायोसला पासवर्ड नसेल तर वरचं सगळं फुकट. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं की तुमचा एकही नियम तिथे अस्तित्वात नसतो. बायोसचा पासवर्ड आणि डिस्कवर लक्सचं (पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करणारं) कुलूप, दोन्ही हवं.

वापरकर्त्याला ‘डिस्क’ गटात टाकलं तर काम सोपं होत नाही का? किंवा सुडोमध्ये फक्त माउंट?

नाही. दोन्ही नाही.

‘डिस्क’ गटातल्या माणसाला मशीनच्या प्रत्येक डिस्कवर थेट वाचता-लिहिता येतं. ‘डीबगएफएस’ने तो /ईटीसी/शॅडो वाचू शकतो, पासवर्डांच्या हॅशसकट (त्यांच्या सांकेतिक रूपांसकट). त्याला रूट केल्यासारखंच आहे, फक्त तसं कुठे लिहिलेलं दिसत नाही.

सुडोअर्समध्ये (सुडोने कुणी काय चालवायचं याची फाइल) माउंटला मोकळी परवानगी दिली की पहिल्या प्रश्नातला /ईटीसी झाकायचा प्रकार शक्य होतो. तारांकन वापरून मर्यादा घातली तरी त्या ताऱ्यात काय काय मावतं याचा अंदाज येत नाही. द्यायचीच असेल तर पूर्ण कमांड, एकही जागा मोकळी न सोडता, शब्दशः लिहून द्या. पण तेवढं ठरलेलं असेल तर एफएसटॅबमधली एक ओळ तेच काम करते.

‘प्लगडेव्ह’ गटाबद्दलही विचारतात. तो डेबियनच्या जुन्या पद्धतीतला आहे. युडिस्क्स त्याच्याकडे पाहत नाही.

एकाच मशीनवर दोघं लॉगिन असतील तर दुसऱ्याला माझा पेनड्राइव्ह दिसेल का?

युडिस्क्सने माउंट केला असेल तर नाही. /मीडिया/तुमचं-नाव या फोल्डरावर एसीएल असतं आणि आत फक्त तुम्हाला जाता येतं. सगळ्यांना दिसायला हवा असेल तर युडेव्हच्या नियमात त्या ड्राइव्हसाठी ‘युडिस्क्स_फाइलसिस्टम_शेअर्ड’ची किंमत १ करा, मग तो थेट /मीडियाखाली बसतो. हे नाव सगळी मोठी अक्षरं वापरून लिहायचं असतं.

दुसऱ्याने माउंट केलेला ड्राइव्ह काढायला ‘अनमाउंट-अदर्स’ ही वेगळी कृती आहे, तिला ॲडमिन लागतो.

ड्राइव्ह ‘बिझी’ आहे म्हणतो, काढू देत नाही.

‘फ्युजर -एमव्ही’ आणि पुढे त्या फोल्डराचा पत्ता द्या. कुणाचा कोणता प्रोग्राम अडकलाय ते दिसतं. दहापैकी आठ वेळा एखादं टर्मिनल त्या फोल्डरात उभं असतं किंवा पीडीएफ उघडी असते. ‘यूमाउंट -एल’ मारून (अनमाउंटची कमांड ‘यूमाउंट’ अशी आहे, मध्ये एन नाही) सुटका करून घेऊ नका: फोल्डर दिसेनासा होतो, पण लिहिणं मागे चालूच असू शकतं, आणि तेवढ्यात पेनड्राइव्ह ओढला तर प्रवेशपत्राची फाइल गेली.

पावसाळ्यात वीज गेली, परत आली आणि मशीन काळ्या पडद्यावर थांबलं. एफएसटॅबशी संबंध आहे का?

बहुधा आहे. एफएसटॅबमध्ये लिहिलेली डिस्क जागेवर नसेल तर सिस्टिमडी (मशीन सुरू करणारी सेवा) दीड मिनिट वाट पाहतो आणि मग दुरुस्तीच्या पडद्यावर नेऊन सोडतो. काढता येणाऱ्या प्रत्येक डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हवंच. फाइल बदलली की ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवायची सवय ठेवा, चूक लगेच कळते. आणि ओळखायला /डेव्ह/एसडीबी१ वापरू नका, ते नाव उद्या दुसऱ्याच डिस्कला मिळू शकतं. यूयूआयडी वापरा.

नेटवर्कवरचं फोल्डर साध्या वापरकर्त्याला जोडता येईल?

येईल. विंडोज शेअरसाठी एफएसटॅबमध्ये ‘सीआयएफएस’ची ओळ, ‘युजर’ पर्याय, आणि पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये, जिच्यावर ६०० परवानगी. पासवर्ड एफएसटॅबमध्ये लिहू नका, ती फाइल सगळ्यांना वाचता येते. एसएसएचएफएसला (एसएसएचवरून दूरचं फोल्डर जोडण्याला) तर रूट लागतच नाही. मात्र तसं जोडलेलं फोल्डर फक्त जोडणाऱ्याला दिसतं, रूटलासुद्धा नाही. इतरांना दाखवायचं तर /ईटीसी/फ्यूज.कॉन्फ मध्ये ‘युजर_अलाउ_अदर’ चालू करावं लागतं.

२०२५ मध्ये युडिस्क्समध्ये काही मोठी चूक सापडली होती ना?

हो, आणि तिच्यामुळे मी एक रात्र अभ्यासिकेतच काढली. जून २०२५ मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी ती जाहीर केली, क्रमांक सीव्हीई-२०२५-६०१९. चूक युडिस्क्स ज्याच्यावर चालतो त्या लिबब्लॉकडेव्ह या लायब्ररीत होती. एक्सएफएस फाइलसिस्टमचा आकार बदलताना ती थोडा वेळ तात्पुरती माउंट केली जायची, आणि ते माउंट नोसुइडशिवाय व्हायचं. म्हणजे मशीनसमोर बसलेल्या साध्या वापरकर्त्याने इमेज फाइल लूपने जोडायची, आकार बदलायला सांगायचं, आणि त्या खिडकीत आतला सेटयुआयडी प्रोग्राम चालवायचा. रूट.

वर ‘लूप-सेटअप’ विसरू नका म्हणालो ते यासाठी. आणि नोसुइड कधीही काढू नका म्हणालो, तेही यासाठीच.

अपडेट आले आहेत, घेतले नसतील तर आज घ्या. तोवरचा उपाय म्हणून ‘मॉडिफाय-डिव्हाइस’ या कृतीला पोलकिटमध्ये ॲडमिनचा पासवर्ड लावायचा होता. अभ्यासिकेत अपडेटनंतरही मी तो नियम ठेवला आहे. तिथे डिस्कचा आकार बदलायची गरज कुणालाच नाही.

नियम लिहिला, पण लागू झालाय की नाही हे कसं तपासू?

स्वतःच्या खात्यातून तपासू नका. तुम्ही ॲडमिन असता, तुम्हाला सगळं चालतं. एक साधं खातं खास चाचणीसाठी बनवा आणि मशीनसमोर बसून, डेस्कटॉपवर, त्याच खात्याने लॉगिन व्हा. ‘एसयू’ करून त्या खात्यात शिरलात तर सत्र तुमचंच राहतं आणि उत्तर चुकीचं येतं. मग ‘युडिस्क्ससीटीएल माउंट’ द्या, आणि दुसऱ्या टर्मिनलवर ‘जर्नलसीटीएल -एफ -यू पोलकिट’ चालू ठेवा. नियमात कंस किंवा अवतरणचिन्ह चुकलं असेल तर त्याची ओरड तिथे दिसते. पडद्यावर मात्र काहीच येत नाही, ती फाइल गुपचूप वगळली जाते आणि मूळ परवानग्या चालू राहतात.

मी चाचणीसाठी तीन पेनड्राइव्ह डब्यात ठेवतो: एक फॅट, एक ईएक्सटी४, एक लक्सने कुलूपबंद. तिन्ही, गटातल्या खात्याने आणि गटाबाहेरच्या खात्याने, असे सहा वेळा लावून बघतो. पंधरा मिनिटं लागतात.